इंजिनाच्या पुढची जागा

त्याचं खरं नाव गल्लीत कुणाला ठाऊक नव्हतं, आणि त्यालाही ते सही करायची वेळ आली की मगच आठवायचं. सगळे त्याला सावकाशकाका म्हणत. हे नाव काही चालीवरून पडलं नव्हतं, चाल तशी बरी होती. त्याच्या गॅरेजातून वर्षानुवर्षं एकच शब्द बाहेर यायचा: "सावकाश... सावकाश... हं, बस." समोरचा शिंपी म्हणायचा, हा माणूस जन्माला येऊन दुसरा शब्द शिकलाच नाही.

हा शब्द तो बायकोला म्हणत असे.

त्याचं सगळं आयुष्य गिअरबॉक्स उतरवण्यात आणि चढवण्यात गेलं. आता गिअरबॉक्स काय, कुणीही चढवतो. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये घंटेच्या आकाराचं एक ओतीव कवच असतं, त्याला बेल हाउसिंग म्हणतात. ते बोल्टांनी आवळलं, वरून गिअरबॉक्स ठोकला की झालं, असं जग समजतं. सावकाशकाकाला ते पटत नसे. त्या घंटेच्या मधोमध जे भोक असतं, ते इंजिनाच्या दांड्याशी अगदी एका रेषेत यायला हवं. केसाएवढं इकडेतिकडे झालं तर गाडी लगेच तक्रार करत नाही. ती पोटात ठेवते आणि महिन्या-दोन महिन्यांनी बाहेर काढते. मग चालता चालता गिअर निसटतो, बेअरिंग रडायला लागतं, आणि मिस्त्री म्हणतो, ड्रायव्हरलाच गाडी चालवता येत नाही.

म्हणून तो घंटा तपासून घ्यायचा. इंजिन बाहेर काढून लाकडी ओंडक्यांच्या चौकटीवर ठेवायचं. दांड्याच्या मागच्या टोकाला जे जड चाक असतं, त्या फ्लायव्हीलवर चुंबकानं डायल चिकटवायची, तिचं टोक भोकाच्या आतल्या कडेला टेकवायचं आणि इंजिनाचा दांडा हातानं एक पूर्ण फेरा फिरवायचा, त्याबरोबर डायलही फिरते. भोक मधोमध असेल तर काटा जागचा हलत नाही. नसेल तर एका अंगाला झुकतो. मग इंजिनावरच्या ज्या दोन खुंट्यांवर घंटा बसते त्या काढून, त्यांच्या जागी डोकं किंचित सरकलेल्या खुंट्या घालायच्या आणि घंटा हवी त्या बाजूला ओढून घ्यायची. पण मेख अशी की इंजिन फिरवायचा पाना असतो पुढे आणि काटा असतो मागे. म्हणजे काम दोन माणसांचं. एकानं फिरवायचं, त्याला काही दिसत नाही. दुसऱ्यानं बघायचं, त्याच्या हातात काही नाही.

मदतनीस त्याच्याकडे टिकत नसत, कारण त्याच्या तोंडापुढे टिकणं सोपं नव्हतं. एकदा असाच एक जण पाना टाकून निघून गेला, तेव्हा मागच्या खोलीतून बायको ओले हात पुसत आली आणि पाना धरून उभी राहिली. तिला वाटलं, आजच्यापुरतं आहे. ते जन्मभर पुरलं.

ती फिरवण्यात तरबेज झाली. एकाच दिशेनं फिरवायचं, पुढे गेलं तर मागे आणायचं नाही, पुन्हा सबंध फेरा घ्यायचा, हे तिला दोनदा सांगावं लागलं नाही. तो मागे बुटक्या स्टुलावर बसून घंटेत डोकं घालायचा. तिला पलीकडून त्याचं टक्कल तेवढं दिसायचं. "मी यांच्या टकलाशी संसार केला," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. तो काट्यावर नजर लावून बसला की त्याला जगाचं भान राहत नसे. पुढे ती पान्यावर जोर धरून ताटकळत उभी असे, आणि बराच वेळ आवाज आला नाही की विचारायची, "अहो, आहात ना?"

"आहे, आहे," तो वैतागून म्हणायचा. "जातोय कुठे?"

काट्यावरून त्याला आणखी एक सवय लागली होती. भोक जेवढं सरकलेलं असतं त्याच्या दुप्पट काटा हलतो, म्हणून दिसेल त्याच्या निम्मं धरायचं असतं. हा हिशेब त्यानं माणसांनाही लावला. गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलं की तो मनात तिचं निम्मं करायचा, आणि बहुतेक वेळा ते बरोबर निघायचं. बायको म्हणायची, खांदा फार दुखतो. तो त्याचंही निम्मं करायचा आणि तेलाची बाटली दाखवायचा.

आदल्या वर्षीच्या थंडीत ती गेली. आजारपण थोडक्यात आटोपलं. माणसं आली, बसली, उठली. नंतर घरात एक कप विसळून पालथा राहिला आणि दुसरा वापरात राहिला, एवढाच काय तो फरक बाहेरच्याला दिसला असता.

त्यानं गिअरबॉक्सची कामं घेणं बंद केलं. ब्रेकचे लायनर, ऑइल, पंख्याचा पट्टा, असली एका माणसाची कामं तो करत राही. गॅरेजला लागून मागे दोन खोल्या होत्या. संध्याकाळी तो शटर अर्धं ओढायचा आणि आत जायचा, मग उगाच परत बाहेर येऊन रिकाम्या चौकटीपाशी उभा राहायचा. भाजी चिरताना स्वतःशी बोलायचा आणि मध्येच गप्प व्हायचा, कारण उत्तरासाठी जागा सोडायची सवय अजून गेली नव्हती. दिवसभर तोंडातून शब्द निघाला नाही असेही दिवस जात. शिंप्याच्या लक्षात आलं होतं की समोरून 'सावकाश' ऐकू येत नाही. पण असल्या गोष्टी बोलून दाखवायच्या कशा, हे त्याला शिवणकामात कुणी शिकवलं नव्हतं.

मुलगी लांबच्या शहरात शाळेत शिकवायची. दर रविवारी तिचा व्हिडिओ कॉल यायचा आणि तिला बापाचा एक कान आणि छताचा पंखा दिसायचा. बोलणं ठरलेलं असे. जेवलात का, झोप लागते का, आणि शेवटी, कुलूप लावा आणि इकडे या, खोली रिकामी आहे. तो म्हणायचा, बघू. त्या खोलीत जाऊन बसायचं म्हणजे काय, हे त्याला कळत होतं. तिथे तो कुणाचा तरी म्हातारा बाप असणार होता, दारातून आलेल्याला 'बसा' म्हणण्यापुरता. इथे निदान पाने त्याला ओळखत होते.

अशात बेकरीवाल्याची व्हॅन आली. बेकरीवाला गोलमटोल, बोलका माणूस, पहाटे पाव घेऊन निघायचा तो दुपारपर्यंत बोलत असायचा. व्हॅनची घंटा तडकली होती. भंगारातून त्यानं दुसरी मिळवली होती, पण ती दुसऱ्या इंजिनाबरोबर वाढलेली. ती तपासल्याशिवाय बसवणं म्हणजे आंधळेपणाच. दुसरा कुणी ते काम घेईना, आणि बेकरीवाला हटेना. "काका, तुम्ही नाही म्हणालात तर मी इथेच पाव विकायला बसेन," तो म्हणाला.

त्या रविवारी सावकाशकाकानं मुलीला हे सांगितलं आणि स्वतःच अडकला. ती शिक्षिका होती, तिनं लगेच अट घातली. हा एक गिअरबॉक्स त्यानं नीट बसवून दाखवावा. व्हॅन परत आली नाही तर ती पुन्हा कधी कुलपाचा विषय काढणार नाही. परत आली, तर गॅरेज बंद करून तिच्याकडे जायचं. तो हो म्हणाला. रागाच्या भरात माणूस हो म्हणतो तसाच म्हणाला, पण म्हणाला.

आधी त्यानं शिंप्याला बोलावून बघितलं. शिंपी मोठ्या हौसेनं आला, पान्याला लोंबकळला, इंजिन हवं त्याच्या पुढे नेलं, मग चूक झाली म्हणून गुपचूप मागे आणलं, आणि प्रत्येक वेळी 'काय दिसतंय?' म्हणत स्वतःच मागे येऊन उभा राहू लागला. कैची धरणाऱ्या हाताला थांबणं माहीत नसतं. सावकाशकाकानं त्याला चहा पाजला आणि परत पाठवला.

मग त्याला आरसा सुचला. बायकोचा भिंतीवरचा आरसा त्यानं खिळ्यावरून काढला आणि घंटेच्या मागे स्टुलावर टेकवून ठेवला. आता पुढे उभं राहून फिरवलं आणि इंजिनाच्या बाजूनं मान काढली, की डायल आरशात दिसायची. आरशात काटा उलटा फिरतो, हे तो विसरला नाही. प्रत्येक आकडा त्यानं डोक्यात उलटा करून घेतला, आणि आपण फसलो नाही याचं त्याला बरंही वाटलं. भोक उजवीकडे सरकलेलं होतं. घंटा डावीकडे ओढायला हवी. तो 'डावीकडे, डावीकडे' असं पुटपुटत मागे आला, आपल्या नेहमीच्या जागी बसला, आणि खुंट्या डावीकडे वळवून बसवल्या.

खुंट्या घातल्यावर पुन्हा एकदा तपासायचं, हा त्याचाच नियम. पण हातोडीचा हादरा बसला तसा आरसा स्टुलावरून घसरला आणि फरशीवर फुटला. तो बराच वेळ काचा वेचत बसला. त्या काचांवर कडेला तिच्या बोटांचे ठसे होते की त्याच्याच ग्रीसचे, हे कळायला मार्ग नव्हता. दुसरा आरसा आणायला त्याचं मन धजावलं नाही. त्यानं गिअरबॉक्स चढवला, बोल्ट आवळले आणि व्हॅन देऊन टाकली.

व्हॅन परत आली. बेकरीवाला उतरला तेव्हा हसतच होता, पण हसणं जरा ओढून आणलेलं होतं. चढावर चौथा गिअर आपोआप सुटत होता, क्लच दाबला की आतून कुणीतरी कण्हत होतं. "काका, ट्रे असे घसरतात की गिऱ्हाइकाला पाव कापूनच मिळतो," तो म्हणाला. सावकाशकाकानं सवयीनं तक्रारीचं निम्मं केलं, मग स्वतः व्हॅन चढावर नेऊन बघितली. निम्मं करण्यासारखं काही नव्हतं. दोन दिवस भावाची गाडी वापरतो म्हणून बेकरीवाला गेला.

सगळं पुन्हा उतरवल्यावर तो इंजिनाच्या पुढे जाऊन उभा राहिला, जिथे उभं राहून त्यानं आरशात बघितलं होतं. उजवा हात वर केला. मग चालत मागे आला, स्टुलावर बसला आणि उजवा हात वर केला. हात इंजिनाच्या दुसऱ्याच बाजूला गेला. आरशातल्या उलट्या काट्याला तो फसला नव्हता, आणि साध्या डाव्या-उजव्यात फसला होता. पुढच्या माणसाची उजवी बाजू ही मागच्याची डावी असते, हे पोर सांगेल. पण तो सबंध आयुष्यात त्या बाजूला उभाच राहिला नव्हता, मग त्याच्या हाडांना ते ठाऊक कसं असणार? घंटा मध्यावर येण्याऐवजी आणखी तेवढीच लांब गेली होती.

रविवारी फोन आला तेव्हा त्यानं खोटं बोलायचं ठरवून ठेवलं होतं. एवढ्या लांबून तिला काय कळणार होतं? मुलीनं विचारलं, "व्हॅन कशी आहे?" त्यानं तोंड उघडलं आणि निघालं ते खरंच निघालं.

"परत आली. चूक माझी. आता ठरलं ते ठरलं, ही नीट करून देतो आणि कुलूप लावतो."

ती जिंकली होती, पण तिला आनंद झाल्यासारखा दिसला नाही. तिनं खोदून आरशाची हकिकत काढून घेतली आणि विचारलं, ही तरी आता कशी नीट करणार, आरसा तर फुटला. तो म्हणाला, करतो काहीतरी.

"फोन मागच्या स्टुलावर ठेवा," ती म्हणाली. "काटा मी बघते."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"लहानपणी मी अभ्यासाला कुठे बसायचे, बाबा? हत्यारांच्या पेटीवर. मला पाढ्यांच्या आधी 'निम्मं कर' येत होतं."

दुसऱ्या दिवशी तिच्या शाळेला सुट्टी होती. सकाळचं ऊन शटरमधून चौकटीपर्यंत आलं होतं. त्यानं स्टुलावर विटेला टेकवून फोन उभा केला, डायल बसवली आणि मुलीला सगळं समजावलं. काटा किती हलला आणि डायल कुठल्या अंगाला आहे, दोन्ही सांगायचं, आणि अंग सांगायचं ते स्टुलावर बसलेल्याचं. खाली गेली की डायल उलटी होईल, तेव्हा मान वाकडी करून वाचायचं. ती म्हणाली, कळलं, आता पुढे जा. तो पुढे गेला आणि पाना लावला.

"हं, फिरवा," मागून आवाज आला. "सावकाश... सावकाश, बाबा... बस."

समोर शिंप्याचं मशीन थांबलं.

या खेपेला डोळ्यांना काम नव्हतं. आरशाच्या वेळी तो स्वतःच बघत होता, स्वतःच फिरवत होता. आता त्याला इंजिनाचं तोंड दिसत होतं आणि पलीकडे रिकामं स्टूल, त्यावर फोनची कड. पान्यावर जोर धरून वाकून उभं राहावं लागत होतं. सोडला तर इंजिन किंचित मागे येणार, म्हणून सोडायचाही नाही. थोड्याच वेळात खांद्याच्या आत कळ आली आणि मानेपर्यंत गेली. तोल सांभाळायला त्यानं डावा हात बाजूच्या लाकडी खांबाला टेकला. हात गुळगुळीत जागेवर पडला. त्यानं मान वळवून बघितलं. सबंध खांब खरखरीत, धुळकट होता, आणि मध्येच तळव्याएवढी जागा काळी, झिजून चकचकीत झालेली. त्याच्या हाताला ती जरा खाली पडत होती. बायको त्याच्यापेक्षा बुटकी होती.

खांदा दुखतो म्हणायची ती. त्यानं त्याचं निम्मं केलं होतं, आणि ते दुप्पट करायला हवं होतं. त्याला वाटत होतं, एकटेपणा या घरात ती गेल्यावर आला. तो आधीपासून होता. इथेच, त्याच्यापासून चार हातांवर, पाना धरून उभा असायचा, आणि समोर बघायला त्याला एक टक्कल होतं. तो मागे बसून काट्याशी बोलत होता, आणि त्याला कधी वाटलं नाही की पुढे कुणी वाट बघतंय.

मागून बराच वेळ काही आवाज आला नाही. मुलगी वाचत असेल. किंवा मान वाकडी करत असेल. किंवा फोन तुटला असेल, काल दोनदा तुटला होता. पाना सोडून जाऊन बघता येत नव्हतं. शिंप्याचं मशीनही अजून सुरू झालं नव्हतं. खांद्याची कळ वाढत गेली, आणि त्याच्या तोंडून आपोआप निघालं:

"अगं, आहेस ना?"

"आहे, आहे," मुलगी वैतागून म्हणाली. "जातेय कुठे?"

नाक वाहू लागलं आणि दोन्ही हात अडकलेले होते. मुलीनं विचारलं, बाबा, फिरवताय ना. तो म्हणाला, फिरवतो, जरा दम खाऊ दे. तिला बहुतेक काहीतरी कळलं, कारण तिनं घाई केली नाही. पुढच्या प्रत्येक वाचनाच्या आधी मात्र ती बोलत राहिली. बघतेय हं. अजून बघतेय. डोकं खाली करतेय. आता सांगते.

या वेळी तो डावं-उजवं चुकला नाही. खुंट्या काढल्या, दुसऱ्या बाजूला वळवून बसवल्या, घंटा चढवली, आणि नियमाप्रमाणे पुन्हा पुढे जाऊन सबंध फेरा घेतला. मुलगी गप्प झाली, आणि तो लगेच ताठ झाला. मग ती म्हणाली, "बाबा, काटा हलतच नाहीये. डायल बिघडली की काय?"

"बिघडली नाही," तो म्हणाला. "बसली घंटा."

तिनं हुश्श केलं. वर्गात उभं राहण्यापेक्षा हे अवघड आहे, मानेला रग लागली, असं काहीबाही बोलली. कुलपाबद्दल आता त्यालाच बोलायचं होतं. ठरलं ते ठरलं, असं तो काल म्हणाला होता आणि शब्द फिरवणाऱ्यातला तो नव्हता. 'मी शनिवारी निघतो' हे वाक्य त्यानं तोंडात तयार केलं. तेवढ्यात तीच घाईनं म्हणाली, "अहो बाबा, ठेवते आता, तुमची बॅटरी लाल झालीये. पुढच्या वेळी आधी चार्जिंग करून ठेवत जा."

आणि फोन बंद झाला.

तो तिथेच, इंजिनाच्या पुढे उभा राहिला. पुढच्या वेळी, ती म्हणाली होती. बोलताना तिच्या ते लक्षातही आलं नसेल, किंवा आलं असेल, ती आईचीच मुलगी होती. समोर शिंप्याचं मशीन पुन्हा सुरू झालं. सावकाशकाकानं डावा हात उचलून खांबावरच्या त्या गुळगुळीत जागेवर ठेवला आणि थोडा वेळ तसाच राहू दिला. मग त्यानं आधी फोन चार्जिंगला लावला आणि नंतर हात धुतले.